सा हलवायचा का?

नाद हा संगीताचा कच्चा माल. वस्तू थरथरते, भोवतालची हवा तिच्याबरोबर थरथरते आणि ती थरथर कानाच्या पडद्यापर्यंत पोचते. थरथर नियमित असली तर कान तिला नाद म्हणतो, अनियमित असली तर नुसता आवाज. पूर्णा जंक्शनात डबे जोडताना होतो तो खडखडाट म्हणजे आवाज. त्याच गाडीची शिटी म्हणजे नाद. नादाचे गुण तीन. सेकंदाला किती कंपने होतात त्यावर उंची ठरते, कंपन किती जोराचे त्यावर लहानमोठेपणा, आणि मूळ कंपनात आणखी कोणकोणती बारीक कंपने मिसळली आहेत त्यावर नादाची जात. पेटीचा सा आणि सनईचा सा एकाच उंचीचे असले तरी डोळे मिटून वेगळे ओळखू येतात, ते या तिसऱ्या गुणामुळे. पुढचा सगळा वाद या बारीक कंपनांपाशी येऊन अडतो, म्हणून ती ध्यानात ठेवलेली बरी.

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात ताडकळस हे गाव आहे, वाद तिथला. मराठवाड्यातल्या अशा गावात संगीत दोन दारांनी येते. एक दार देवळाचे: हरिपाठ, भजन, सप्ताह, वीणा, टाळ, पखवाज आणि पेटी. दुसरे लग्नाच्या मांडवाचे: बँड, डीजे, ऑर्केस्ट्राचा कीबोर्ड. पहिल्या दारातून येणाऱ्या संगीतात एका वेळी एकच चाल चालते. दुसऱ्यात चालीच्या खाली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वर, अंथरलेल्या असतात. दोन्ही वाजवणारे पुष्कळदा एकाच घरातले निघतात, म्हणून येथे दोन्ही बाजू एका घरातल्या दोघांच्या तोंडी घातल्या आहेत. भजनी मंडळात पेटी धरणारे बुवा, आणि ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा त्यांचा पुतण्या. माणसे कल्पित आहेत, वाद खरा आहे.

आधी जिथे दोघांचे जुळते ते. एका सा पासून वर जात गेले की बरोबर दुप्पट कंपनांवर पुन्हा सा भेटतो. पाठ्यपुस्तकांत हिशेबाच्या सोयीसाठी मध्य सा ची कंपने २४० धरतात. मग तार सा ४८०. या दोहोंमधल्या अंतराला सप्तक म्हणतात आणि त्यात बारा जागा धरतात: सात शुद्ध स्वर, कोमल रे, ग, ध, नि असे चार, आणि तीव्र म हा एक. पेटीवर पांढरी एकला सा धरला तर सातही शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. पण भजनाचा सा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे धरतात, कधी काळी एक, कधी काळी दोन, आणि मग पांढऱ्याकाळ्याचा हिशेब पार बदलतो. आपल्याकडे स्वराचे नाव पट्टीला चिकटलेले नसते, ते सा पासूनच्या अंतराचे नाव असते. पाश्चात्त्य पद्धतीत सी म्हणजे ठरलेली पट्टी; ती कुठल्याही गाण्यात सीच राहते.

कीबोर्डवर ट्रान्सपोज नावाचे बटण असते. बोटे पांढरी एकवरच ठेवायची, बटण दाबायचे आणि ऐकू यावी काळी दोन. बुवांना हे बटण मुळीच आवडत नाही. "सा काय बटणानं हलवायची गोष्ट आहे का बाबा?" असे ते विचारतात. पुतण्या म्हणतो, "काका, सगळं गाणंच उचलून वर ठेवलं की. आतली अंतरं होती तशीच राहिली." या मुद्द्यावर पुतण्याचे बरोबर आहे. पण बुवांच्या प्रश्नाला खरी धार पुढे येते.

लयीबद्दल दोघांत फार मतभेद नाहीत. वेळेचे सारखे तुकडे म्हणजे मात्रा, मात्रांचे फिरून येणारे आवर्तन म्हणजे ताल, आवर्तनाची पहिली मात्रा म्हणजे सम. त्रितालाच्या सोळा, झपतालाच्या दहा, भजनातल्या धुमाळीच्या आठ. ऑर्केस्ट्रातली चारचारची गणती धुमाळीच्या अंगावर सहज बसते. एक फरक मात्र आहे. पखवाज्याची सम ओळखू येते ती बोलांवरून. पुतण्याच्या वाजवण्यात ती कॉर्ड बदलण्यावरूनही ओळखू येते, कारण कॉर्ड बहुधा ठसक्याच्या मात्रेवरच बदलतात. म्हणजे कॉर्ड स्वराचे काम करता करता तालाचेही थोडे काम उरकते.

आता वादाचा विषय. एकामागून एक येणारे स्वर म्हणजे चाल, धून, मेलडी. एकाच वेळी वाजणारे, एकमेकांशी नाते असलेले स्वर म्हणजे हार्मनी, म्हणजेच स्वरमेळ. भजनात वीस टाळकरी एकच ओळ कोणी खर्जात कोणी वर असे म्हणतात, तो स्वरमेळ नव्हे. तिथे चाल एकच असते, फक्त सप्तके वेगळी. स्वरमेळाचा सर्वांत छोटा घटक म्हणजे तीन स्वरांची कॉर्ड: एक स्वर घ्यायचा, मधला सोडून तिसरा, पुन्हा एक सोडून पाचवा. सा, ग, प.

"तिघं एकदम बोलायला लागले तर त्याला आमच्यात भांडण म्हणतात," बुवा म्हणतात.

"भांडण कसं होईल? हिशेब बघा ना. सा दोनशे चाळीस, ग तीनशे, प तीनशे साठ. साठानं भागा. चार, पाच, सहा. तिघांची पावलं ठरावीक वेळानं एकत्र पडतात, म्हणून कानाला गोड लागतं. ग कोमल घेतला, दोनशे अठ्ठ्याऐंशीचा, तर दहा, बारा, पंधरा. पावलं उशिरानं जुळतात, म्हणून ती कॉर्ड जरा उदास वाटते."

उदासपणाचे हे कारण पुरते नाही. सवय आणि संस्कार यांचाही त्यात वाटा आहे. नाहीतर कोमल गंधाराची भैरवी गाऊन मैफल आनंदात उठली नसती. बाकी हिशेब बिनचूक आहे. पहिल्या प्रकारच्या कॉर्डला मेजर म्हणतात, दुसऱ्या प्रकाराला मायनर. अशा तीन मेजर कॉर्ड घेतल्या, सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे, की शुद्ध सातही स्वर त्यांत येऊन जातात. म्हणून बिलावल थाटातली कुठलीही साधी चाल या तीन कॉर्डवर पेलता येते. शिकाऊ गिटारवाला तीन कॉर्डवर शंभर गाणी वाजवतो त्याचे गुपित एवढेच. फ्रेंच संगीतकार रामो याने १७२२ साली स्वरमेळावर ग्रंथ लिहून या कॉर्डांचा पाया, त्यांची उलटापालट आणि त्यांचे एकमेकींकडे जाणे यांचे शास्त्र मांडले. युरोपात अनेक गळ्यांनी वेगवेगळ्या स्वरांत गाण्याची चाल त्याच्याही आधी काही शतके सुरू होती. शास्त्र मागाहून आले.

बुवा या हिशेबाने दबत नाहीत, कारण तो त्यांना नवा नाही. संवाद हा शब्द संगीतात आपल्याकडे नाट्यशास्त्रापासून आहे. सप्तकाच्या बावीस बारीक पायऱ्या म्हणजे श्रुती; ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर, ते एकमेकांचे संवादी. सा पासून म नऊ श्रुतींवर, प तेरा श्रुतींवर. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला तो देवगिरीच्या यादवांच्या पदरी राहून. देवगिरी म्हणजे दौलताबाद, म्हणजे हा विचार मराठवाड्याला परका नाही. फरक एवढाच की आपल्या परंपरेने संवाद काळात पसरला आणि युरोपने तो एका क्षणात रचला.

"भूप राग घे," बुवा समजावतात. "वादी, म्हणजे मुख्य स्वर, ग; संवादी ध. तुझ्याच हिशेबानं ग तीनशे, ध चारशे. तीनास चार. पण मी ते दोन्ही एकदम कशाला वाजवू? गाता गाता ग वर थांबलो, फिरून ध वर थांबलो, तर ऐकणाऱ्याच्या मनात पहिला अजून वाजतच असतो. ती तुमची कॉर्ड आम्ही ऐकणाऱ्याला रचू देतो."

पुतण्याने भूप घेतला तर अडचण कुठे येते ते जवळून पाहण्यासारखे आहे. भूपात स्वर पाच: सा, रे, ग, प, ध. म आणि नि वर्ज्य. आता त्याच्या तीन हुकमी कॉर्ड मोजाव्यात. म-ध-सा मध्ये म आहे, बाद. प-नि-रे मध्ये नि आहे, बाद. उरली सा-ग-प. भूपाच्या पाच स्वरांतून आणखी एकच पुरी कॉर्ड निघते, ध-सा-ग, आणि ती मायनर. पुतण्या ती वाजवतो आणि दोन आवर्तने तिच्यावर रेंगाळतो, तेव्हा खालचा ध सा असल्यासारखा कानाला वाटू लागतो. ध ला सा मानून तेच पाच स्वर मोजले तर ते सा, कोमल ग, म, प, कोमल नि असे येतात, आणि हा झाला धानी. चालीतला एकही स्वर बदललेला नाही, गाणारा अजून भूपच गातो आहे, पण खालच्या तीन बोटांनी राग बदलून टाकला.

मालकंसात हा प्रकार आणखी उघड होतो. तिथे प च नाही, त्यामुळे सा ची कॉर्ड उभीच राहत नाही. सवयीने डावा हात प घेऊन सा-ग-प दाबतो आणि एका बोटात मालकंस संपतो. प टाळून म-ध-सा घ्यावी तर म हे घर होऊन बसते, आणि म ला सा मानून मोजले की पुन्हा धानीच दारात उभा. बुवांच्या सुरुवातीच्या प्रश्नाची धार ही. ट्रान्सपोजचे बटण सगळे घर उचलून दुसरीकडे ठेवते. कॉर्ड मात्र घरातल्या घरात देव्हारा हलवते.

"पण हलवणं हाच तर त्यातला खेळ आहे, काका," पुतण्या म्हणतो. "सा वरून निघायचं, म कडं जायचं, प पाशी अडायचं, परत सा वर यायचं. चाल एका जागी थांबलेली असली तरी खालची जमीन सरकवता येते. एकच ग धरून ठेवा. खाली सा-ग-प असली तर तो घरातला वाटतो, ध-सा-ग असली तर परगावचा. एका स्वराचे दोन अर्थ. तुम्हाला त्यासाठी दुसरा स्वर घ्यावा लागतो."

रागसंगीतात सा अचल असतो म्हणूनच मींड, आंदोलन, श्रुतीचा बारीक चढउतार यांना किंमत येते. खुंटा पक्का असल्याशिवाय ताण मोजता येत नाही. स्वरमेळात जमीन सरकते म्हणून प्रत्येक स्वर नेमका आणि सपाट लागतो. तो हलता राहिला तर कॉर्ड गढूळ होते. एकाने जे कमावले त्याची किंमत दुसरीकडे मोजली आहे.

ही किंमत आकड्यांत दाखवता येते. कीबोर्डवर कुठल्याही पट्टीला सा करता यावे म्हणून सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केलेले असतात. त्या वाटणीत सा २४० असेल तर ग ३०० वर न येता ३०२.४ वर येतो. दोनअडीच कंपनांनी काय बिघडते? बिघडते ते त्या बारीक कंपनांत. सा च्या नादात त्याचे पाचपट कंपन मिसळलेले असते, १२००. ग च्या नादात त्याचे चौपट असते. ग ३०० असता तर तेही १२०० आले असते आणि दोन्ही एकमेकांत विरघळले असते. ३०२.४ च्या चौपट होतात १२०९.६. जवळजवळची दोन कंपने एकत्र वाजली की त्यांच्या फरकाएवढे हेलकावे ऐकू येतात: येथे सेकंदाला साडेनऊच्या आसपास. कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावून सा आणि ग दाबून धरले की हा खरखरीत कंप स्पष्ट कळतो. प च्या बाबतीत मात्र वाटणी जवळजवळ खरी उतरते, ३६० ऐवजी ३५९.६. तिथे हेलकावा सेकंदाला एकही पुरा होत नाही.

"मग तुमच्या पेटीत काय वेगळं आहे?" पुतण्या लगेच विचारतो, आणि हा घाव वर्मी लागतो. पेटी मूळची पॅरिसची. अलेक्झांद्र देबँ याने ती १८४० च्या सुमारास बनवली, कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून वाजवण्याजोगा हाताचा भाता दिला, आणि पुढे ती कीर्तनापासून संगीत नाटकापर्यंत सगळीकडे पोचली. तिची बारा स्वरांची वाटणी कीबोर्डासारखीच. याच कारणाने ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला बंदी घातली, आणि ती उठायला, तीही अंशतः, १९७१ उजाडले. बंदीच्या आधीच सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडणारे पुस्तक १९१० मध्ये काढले होते, आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटीही घडवून घेतली होती. ती वाजवायला कठीण म्हणून रुजली नाही. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी नव्याने सिद्ध केली. गावाच्या मंडळात मात्र साधीच पेटी असते.

बुवा नाकबूल करत नाहीत. "पेटी ग दाखवते, लावतो गळा," ते म्हणतात. "मी ग वर बोट ठेवून बसत नाही. गाणारा गंधारावर थांबला की मी सा आणि प धरतो आणि ग सोडून देतो. त्याचा त्यानं लावावा." शहाण्या साथीदाराची ही युक्ती असते, आणि वर दिलेल्या आकड्यांशी ती तंतोतंत जुळते.

यावर पुतण्याकडे हुकमाचे पान आहे: तंबोरा. त्याच्या चार तारांपैकी एक प ला (किंवा म ला), दोन मध्य सा ला आणि एक खर्जाच्या सा ला लावतात. घोडीवर जवारीचा दोरा बरोबर बसला की खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. हा त्या तारेच्या पाचपट कंपनांचा नाद. म्हणजे सा लावला, प लावला आणि ग आपोआप आला. सा-ग-प ही कॉर्ड गवयाच्या पाठीमागे रात्रभर वाजतच असते.

"तुम्ही जिला परकी म्हणता ती तुमच्या तंबोऱ्यातच बसली आहे," पुतण्या म्हणतो.

"बसली आहे खरी. पण ती उठून म कडं जात नाही," बुवा उत्तर देतात.

दोन्ही विधाने खरी आहेत. एका स्थिर स्वराला धरून गाणे तंबोऱ्याच्याही खाली, लोकसंगीतात जागोजाग आहे. गोंधळ्याचे तुणतुणे एकच सूर धरते. सनईवाल्यांच्या जोडीत एक जण नुसता सूर देतो. गंगाखेडच्या जनाबाईच्या या जिल्ह्यात जात्यावरच्या ओव्यांची परंपरा मोठी. दळताना दगडाची घरघर ओवीखाली अखंड चालू असे. तिला कोणी वाद्य म्हटले नाही, पण काम तिने तंबोऱ्याचेच केले.

जमीन सरकवणारा स्वरमेळ मराठी मुलखात आला तो मुख्यतः गोव्याच्या वाटेने. तिथल्या चर्चच्या शाळांत मुले व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकत. मुंबईच्या चित्रपटांना वाद्यवृंद लागू लागला तेव्हा ही मंडळी कामी आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत रागांवर आधारलेल्या रचना वाद्यवृंदातून सादर केल्या. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या गाण्यात गुरूचे नाव गुंफले, ते ताडकळसच्या वरातीतही पोचले असेल. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या चालींखाली जे सूर मांडले त्यांत मूळ चालीला समांतर अशा दुसऱ्या चाली धावतात. हा कॉर्डच्या पुढचा टप्पा. २०१६ च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित केला. त्या चाली परभणीच्या बँडवाल्याने क्लॅरिनेट, ट्रंपेटवर वाजवल्या तेव्हा खालचा पसारा गळून पडला आणि चाल तरीही उभी राहिली. बुवा हे उदाहरण आवडीने देतात. पुतण्या त्यावर म्हणतो की पसारा ऐकलेला असतो म्हणूनच ती उभी राहते.

चाल कशी संपते याचेही दोन प्रकार आहेत. स्वरमेळात शेवट घडवते ती प-नि-रे कॉर्ड. तिच्यातला नि सा च्या अर्ध्या पायरीवर उभा असतो, त्याला सा वर चढल्यावाचून राहवत नाही. रे सा वर किंवा ग वर जातो. प जागेवर राहतो. तीन स्वर तीन वाटांनी सा-ग-प मध्ये शिरतात. त्यात म मिळवून प-नि-रे-म केली तर ओढ आणखी वाढते, कारण म ला ग वर उतरायचे असते. भजनात ही ओढ स्वरांवर फारशी टाकत नाहीत. गजर वाढत जातो, पखवाज्या दुगुनीत जातो, तिहाई घेतो आणि समेवर सगळे एकदम थांबतात.

"भूपात नि नाही," बुवा आठवण देतात. "मग तू संपवशील कसं?"

"तिथं डावा हात उचलतो," पुतण्या म्हणतो. "सा आणि प तुमचे, ताल पखवाजाचा."